शिंप्याच्या मापाची सायकल

आमच्या सोसायटीत कोणाकडे पाहुणा सायकलवरून आला, तर आधी चौकशी होते ती सायकलची. तळमजल्यावरचे केंजळे पार्किंगमध्ये येतात, वाकतात, आडव्या नळीवर नखानं एक टिचकी मारतात आणि कान लावून थांबतात. मग निकाल. सायकल कार्बनची असली तर "खोकं." ॲल्युमिनियमची असली तर "डब्याला उत्तम धातू, पोळ्या मऊ राहतात." चांगल्या पोलादाची असली तर दुसरी टिचकी मारतात.

मी हिशेबाचा माणूस. सोसायटीचा खजिनदारही आहे. पडताळा घेतल्याशिवाय मी कोणाचा दावा मानत नाही. एका रविवारी मी केंजळ्यांच्या डोळ्यांवर पंचा बांधला आणि पार्किंगमधल्या सगळ्या सायकली त्यांच्यापुढे रांगेत लावल्या. एक सोडून सगळी उत्तरं बरोबर आली. त्या एका सायकलीला ते म्हणाले, "पोलाद, पण मोडून जोडलेलं." सायकल दिसायला धड होती, म्हणून मी उत्तर चूक धरलं. तेवढ्यात तिचा मालक खाली आला. त्यानं सांगितलं, की फ्रेम गेल्या वर्षी सांध्याजवळ तडकली होती, डाग देऊन वरून रंग मारून घेतला. मी गुण परत दिला. त्या दिवसापासून त्यांच्यापुढे माझी मान जरा झुकलेलीच असते.

केंजळे विश्रांतवाडीत आमच्या आधीपासून राहतात. कारखान्यात टूलरूममध्ये इंजिनियर होते. अंगानं बुटके, विजार नेहमी इंचभर लांब आणि खाली दुमडलेली. तरुणपणी घाटातल्या सायकल शर्यतींत उतरायचे. जिंकलात का, असं मी एकदा विचारलं. "सायकल दुसऱ्याच्या मापाची होती," एवढंच उत्तर आलं.

मापं हा त्यांचा दुसरा नाद. समोरचा माणूस किती सेंटीमीटरच्या फ्रेमवर बसेल, हे ते नुसतं बघून सांगतात, आणि तेही न विचारता. मला म्हणाले, "चोपन्न. हात जरा आखूड." अध्यक्षांना भर सभेत, "पाय अठ्ठावन्नचे, पोट कुठल्याच मापात नाही." माझ्या सासूबाई पंचाहत्तरीच्या. त्यांना बघून केंजळे म्हणाले, "एकोणपन्नास." सासूबाईंना वाटलं वय सांगितलं. त्यांनी लाडू दिले.

फ्रेमबद्दल मात्र ते बोलायला लागले, की ऐकत राहावं. "पूर्वी दुकानात तीन मापं मिळायची," ते म्हणतात. "वीस, बावीस, चोवीस इंच. सगळं पुणं त्या तीन मापांत कोंबलं होतं. बुटका बूड हलवत चालवायचा, उंच माणूस गुडघे फाकवून. पण तयार मापाचा माणूस नसतोच हो." याच्या उलट मापाची फ्रेम. परदेशात छोट्या वर्कशॉपांत एकेक कारागीर गिऱ्हाइकाचे पाय, धड, हात मोजून नळ्या कापायचा आणि पितळ किंवा चांदी वितळवून सांधे भरायचा. नळीसुद्धा सरळसोट नसते. जिथे सांधा येणार तिथे जाड, मध्ये पातळ. त्यांनी मला अशा नळीचा उभा कापलेला तुकडा दाखवला. मी व्हर्नियर लावून पाहिलं. टोकाला पॉइंट नऊ मिलिमीटर, मध्ये पॉइंट सहा. म्हणजे एटीएम कार्डापेक्षा पातळ. एवढ्याशा पत्र्यावर माणूस घाट उतरतो, आणि पोलाद मुकाट्यानं वाकून परत सरळ होतं. मी तो तुकडा बराच वेळ हातात धरून बसलो होतो.

तशी एक फ्रेम केंजळ्यांच्या बैठकीत भिंतीवर टांगलेली होती, चाकांसकट. निळ्या रंगाची, सांध्यांवर बारीक पांढरी रेघ. ती त्यांनी लग्नाआधी इंग्लंडहून मागवली होती, खास स्वतःच्या मापाची. मापं बिनचूक हवीत म्हणून ते पेठेतल्या त्यांच्या शिंप्याकडे गेले आणि म्हणाले, पायाचं आणि हाताचं नीट माप लिहून दे. सायकलसाठी हवंय, हे सांगायचं राहिलं. शिंप्यानं शिरस्त्याप्रमाणे पायाला इंच वाढवला, हाताला इंच वाढवला. कापड धुतल्यावर आटतं. पोलाद आटत नाही. कंपनीतल्या एका साहेबानं विमानातून ती फ्रेम आणली, चाकं-पॅडल जोडून केंजळे तिच्यावर बसले आणि त्यांचे पाय पॅडलवर धड पोचेनात.

"त्या शिंप्यानं घात केला," ते आजही म्हणतात. पण कपडे आजतागायत त्याच्याचकडे शिवतात.

याचं कारण सुमनताईंनी मला सांगितलं होतं. सुमनताई म्हणजे त्यांची पत्नी. नवऱ्यापेक्षा चांगल्या उंच. उंचीमुळे त्यांचं लग्न जमत नव्हतं. केंजळे बघायला आले तेव्हा स्वयंपाक, शिक्षण काही विचारलं नाही. नुसते वरपासून खालपर्यंत बघत राहिले आणि हो म्हणाले. "यांनी स्थळ पाहिलं ते फ्रेमसाठी," सुमनताई सांगायच्या आणि केंजळे कधी नाही म्हणायचे नाहीत. त्या शाळेत पीटी शिकवायच्या. ट्रॅकपँट घालून त्याच निळ्या सायकलवर जायच्या. परत आल्या की खिडकीखाली नळीवर टिचकी मारायच्या. "बेल वाजवली तर दार उघडतात," त्या म्हणायच्या, "टिचकी मारली तर चहा टाकतात."

तीन वर्षांपूर्वी सुमनताई गेल्या आणि सायकल भिंतीवर चढली. मुलगा परदेशात. त्याचं म्हणणं, फोटो टाकून विकून टाका. एक संग्राहक येऊनही गेला. त्याला ती दिवाणखान्यात लावायची होती. केंजळे त्याला म्हणाले, "भिंत माझ्याकडेही आहे." मला मात्र एकदा हळूच म्हणाले, "मी आहे तोवर बसणारं माणूस मिळायला हवं. नंतर ती भंगारात जाईल."

या वर्षी माझी मुलगी मुक्ता बंगळुरूची नोकरी सोडून खराडीच्या ऑफिसात आली. कॉलेजपासून बाहेरगावी, आली तरी दोन दिवसांपुरती, त्यामुळे केंजळ्यांनी तिला मोठी झाल्यावर नीट अशी पाहिलीच नव्हती. ती बॅग घेऊन रिक्षातून उतरली तेव्हा ते खिडकीत होते. माप सांगितलं नाही. संध्याकाळी आमच्याकडे आले, एक जाड पुस्तक आणि पेन्सिल मागितली, मुक्ताला भिंतीला टेकून उभं केलं आणि मोजलं. मग परत मोजलं. मग हात मोजले.

"छप्पन्न," ते म्हणाले. टेप गुंडाळत म्हणाले, "हातसुद्धा." आणि खुर्चीत बसले.

तेव्हा माझ्या डोक्यात हिशेब लागला. लोकांना मापं सांगण्याचा नाद त्यांना आधी नव्हता. सुमनताई गेल्यावर लागला. मी, अध्यक्ष, सासूबाई, सगळ्यांना त्यांनी एकाच मापाशी ताडून पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सायकल उतरवली, साखळीला तेल दिलं, हवा भरली आणि ती मुक्ताच्या हाती देताना अट घातली. "संध्याकाळी आलीस की माझ्या खिडकीखाली नळीवर एक टिचकी मारायची. थांबायची गरज नाही."

"कशाला, काका?"

"तडा गेला असला तर आवाजात कळतं," केंजळे म्हणाले.

परवा मी खाली स्कूटर लावत होतो. मुक्ता आली, खिडकीखाली उतरली आणि नखानं टिचकी मारली. एवढासा आवाज, मलाही नीट ऐकू आला नाही. पण आत लगेच लायटरचा खटका वाजला आणि ओट्यावर भांडं ठेवल्याचा आवाज आला.

मी मुक्ताला म्हटलं, चल वर.

"तुम्ही व्हा पुढे, बाबा," ती सायकल भिंतीला लावत म्हणाली. "माझा चहा इथे असतो."