चोंदलेल्या नाकाचा प्रयोग

प्रयोगाच्या दिवशी सकाळीच प्रॉम्प्टरच्या तोंडून 'म' निघेनासा झाला.

"अगं, बाझा चष्बा कुठे ठेवलास?" त्याने आतल्या खोलीतून विचारले.

"काय कुठे ठेवलं?" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

"चष्बा! दाकावर लावतात तो!"

बायको हात पुसत दारात आली. "अहो, लावलाय की नाकावर. आणि हे नाक आहे का पिकलेला टोमॅटो? आज दुपारी प्रयोग आहे ना तुमचा?"

उत्तरादाखल त्याला शिंक आली. पाठोपाठ दुसरी, मग तिसरी. खिडकीतले कबूतर उडून समोरच्यांच्या गच्चीवर जाऊन बसले.

नाटक कंपनीत त्याला सगळे कुजबुजे म्हणत. खरे आडनाव वेगळे होते, पण त्या नावाने हाक मारली तर आता त्यानेही ओ दिली नसती. पडद्याआड, डाव्या विंगेत, स्टुलावर बसायचे, मांडीवर नाटकाची वही उघडायची आणि नट अडला की पुढचे वाक्य हळूच त्याच्या कानावर घालायचे, हे त्याचे काम. इतर नटांना तो अडीअडचणीला लागे. आक्कांना मात्र श्वासासारखा लागे.

आक्का म्हणजे कंपनीचा प्राण. वय झाले होते, पण त्या नुसत्या रंगमंचावर येऊन उभ्या राहिल्या तरी शेवटच्या रांगेतली चुळबुळ थांबे. अलीकडे त्यांची स्मरणशक्ती दगा देऊ लागली होती. एकेक वाक्य आधी कानावर पडावे लागे, तेव्हा ते ओठांवर येई. हे गुपित फक्त दोघांना ठाऊक होते. कुजबुजे वाक्य सोडायचा आणि तेच वाक्य पलीकडे अशा काही आवाजात उमटायचे, की त्याच्या अंगावर काटा उभा राहायचा. आपल्या तोंडचे शिळे शब्द तिथवर जाईपर्यंत सोन्याचे कसे होतात, हे कोडे त्याला कधी सुटले नव्हते. आणि वर बघायची सोय नव्हती. नजर ओळीवरून हलली की घात. इतकी वर्षे आक्कांचा अभिनय त्याने फक्त कानांनी पाहिला होता.

बायकोने त्याला नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे पिटाळले. बाईंनी कपाळावरचा दिवा लावला, नाकपुड्यांत डोकावून पाहिले, "आ करा" म्हणाल्या आणि समाधानाने मागे टेकल्या.

"साधं सर्दीपडसं आहे. नाकातलं अस्तर सुजलंय. कपाळात, गालात हाडांच्या पोकळ्या असतात ना, त्याही भरल्यात."

"ब्हडजे डोकं पोकळ असतं?" कुजबुजेने थक्क होऊन विचारले.

"थोडंफार सगळ्यांचंच. म्हणून तर आवाज घुमतो. आणि म, न, ण हे नाकातून बाहेर पडणारे आहेत. नाक बंद, की त्यांची वाटच बंद. मग म चा ब होतो, न चा द."

कुजबुजे भारावून गेला. आपल्या चेहऱ्याच्या मधोमध असे सगळे कारखाने चालू आहेत, हे त्याला आजवर कुणी सांगितले नव्हते. त्याने आदराने नाकाला हात लावला.

"जबरी औषधं नकोत, आपोआप उतरेल," बाई म्हणाल्या. "गरम पाण्याची वाफ घ्या, मिठाच्या पाण्याने नाक धुवा. ही गोळी रात्री झोपताना, हिने गुंगी येते. आणि घसा सुजलाय, तेव्हा बोलणं बंद. कुजबुजणं तर मुळीच नको. त्याने घशावर जास्तच ताण येतो."

"बाई, बाझं काबच कुजबुजड्याचं आहे!"

"मग रजा घ्या," बाई म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला आत बोलावले.

रजा? आक्कांना एकटे सोडून? कुजबुजे किटली आणि टॉवेल पिशवीत घालून थेट नाट्यगृहात गेला.

नाटकात आक्का एका आजीचे काम करत. आईविना वाढवलेल्या नातीला तिचा बाप न्यायला येतो आणि आजी त्याला अडवते, असा प्रसंग. सुरुवात ठीक झाली. कुजबुजे "बी इथेच थांबडार" म्हणाला तरी आक्का "मी इथेच थांबणार" असेच म्हणत. जिथे शब्दच होत नव्हता, तिथे त्या आपोआप दुरुस्ती करत. पण चुकीचा शब्दही जिथे चांगला शहाणासुरता शब्द निघाला, तिथे गाडी घसरली.

वहीत होते, 'ती माझी एकुलती एक नात आहे. तिला मी अशी परक्या हाती देऊ?'

"ती बाझी एकुलती एक दात आहे," कुजबुजे जीव तोडून कुजबुजला.

आक्का पुढे आल्या. दोन्ही हात पसरले. व्याकरण पक्के असल्यामुळे लिंगही सुधारून घेतले.

"तो माझा एकुलता एक दात आहे! त्याला मी असा परक्या हाती देऊ?"

कुजबुजेने वही तोंडावर धरली. आता हसणार, आता अख्खे नाट्यगृह हसणार! पण कुणी हसले नाही. 'दात' म्हणताना आक्कांच्या आवाजाला असा काही कंप सुटला होता, की समोर सन्नाटा पसरला. पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी नकळत गालाला हात लावला.  बाप झालेला नट पुढे सरसावला आणि म्हणाला, "आजवर सांभाळलात. आता... आता तो माझा."

पुढच्या वाक्याला आक्का नातीच्या आईची माळ उंच धरून दाखवत. 'ही माळ ओळखता?' असे ते वाक्य.

"ही बाळ ओळखता?" विंगेतून आले.

"हे बाळ ओळखता?" आक्कांनी विचारले.

"कुणाचं बाळ?" बाप झालेल्या नटाच्या तोंडून निसटले. हे वाक्य नाटकात कुठेच नव्हते. नात झालेली मुलगी घाबरून एक पाऊल मागे सरकली.

"दाही, दाही! बाळ, बाळ!" कुजबुजे विंगेत घामाघूम झाला. त्याला म्हणायचे होते, नाही, नाही! माळ, माळ!

आक्कांनी क्षणभर कान दिला. "दाही दिशांना ओरडून सांगते," त्या गरजल्या, "बाळ! बाळ!" आणि हातातली माळ त्यांनी ओंजळीत गोळा केली, छातीशी धरली आणि तिला हलकेच झोके देऊ लागल्या.

मण्यांची माळ होती ती. पण कुजबुजेच्या मागे उभा असलेला मेकअपमन डोळे पुसत म्हणाला, "झोपलं बघा." आणि समोर टाळ्यांचा कडकडाट झाला.

पहिल्या अंकाचा पडदा पडताच दिग्दर्शक विंगेत घुसला. त्याचे केस उभे होते.

"दात काय, बाळ काय! कुजबुजे, काय चाललंय हे? आक्कांचं सगळं पाठ असतं ना? मग आज डोकं ठिकाणावर नाही का त्यांचं? असं असेल तर पुढच्या प्रयोगापासून दुसरी कुणीतरी बघावी लागेल."

कुजबुजेच्या तोंडाशी खरे आले होते. पण चूक माझ्या नाकाची आहे म्हटले, तर आक्का माझ्या नाकावर चालतात हेही कबूल करावे लागणार. त्याने वहीत डोके घातले. दिग्दर्शक पाय आपटत गेल्यावर त्याने खिशातली रात्रीची गोळी काढली आणि दुपारीच घशाखाली लोटली. मग किटली लावली, डोक्यावर टॉवेल घेतला आणि वाफेत तोंड खुपसले.

दुसऱ्या अंकात चमत्कार झाला. नाक सुटले! म बाहेर पडला, न बाहेर पडला. कुजबुजेला वाटले, आपण पुन्हा माणसांत आलो. किटली बंद करायचे भान राहिले नाही. पंख्याच्या वाऱ्याने वाफ विंगेतून निघाली आणि रंगमंचावर पसरत गेली. नात घर सोडून जाण्याचा प्रसंग. आक्का दारात उभ्या, पायांशी धुके दाटत चाललेले, आणि नात त्या धुक्यात दिसेनाशी होते आहे. प्रेक्षकांतून एकच सुस्कारा उमटला.

"हे धुकं कुणी सोडलं?" दिग्दर्शकाने प्रकाशयोजना करणाऱ्याला खालच्या आवाजात विचारले.

"मला वाटलं तुम्हीच सांगितलंत," तो म्हणाला. दोघेही तोंड उघडे टाकून बघत राहिले.

तिसरा अंक सुरू झाला आणि गोळीने आपले काम चोख बजावले. या अंकात आजोबा खाटेवर बेशुद्ध पडलेले असतात आणि आजी एकटीच त्यांच्याशी बोलते. आजोबांचे काम करणाऱ्या नटाला फक्त डोळे मिटून पडायचे असे. कुजबुजेने वही उघडली, पहिले वाक्य शोधले, ते दोनदा वाचले. अक्षरे एकमेकांच्या अंगावर रेलली. त्याची मान विंगेच्या खांबाला टेकली, आणि नाक पुन्हा चोंदलेले असल्यामुळे तो तोंडाने घोरू लागला.

ते घोरणे सबंध नाट्यगृहात गेले. संथ, खोल, मध्येच अडकणारे. खाटेवरचा नट दचकला, मग हुशारीने त्या तालावर छाती वरखाली करू लागला.

आक्का वाक्याची वाट बघत थांबल्या. वाक्य आले नाही. आले ते फक्त घोरणे.

वही मांडीवरून घसरून जमिनीवर आदळली, तेव्हा कुजबुजेला जाग आली. आक्कांचा आवाज चालू होता. त्याने धडपडत वही उचलली, पान उलटले, पुन्हा उलटले. यातले एकही वाक्य वहीत नव्हते. त्याने सांगायला तोंड उघडले. घशातून नुसता वारा आला. आवाज पुरता बसला होता.

हातात काहीच उरले नाही, तेव्हा त्याने मान वर केली.

"झोप तू," आक्का खाटेशी बसून सांगत होत्या. "मी बसलेय. हल्ली मला शब्दच सापडत नाहीत बघ. घरातल्या वस्तू कुणी रात्रीत हलवाव्या, तसं होतं. काल त्या भिंतीवरच्या काचेला काय म्हणतात, तेच आठवेना. मग म्हटलं, ती दुसरी बाई कुठंय? तिलाच विचारू. गेले, तर तीही माझ्याकडे तशीच बघत होती. बावरलेली. मग आम्ही दोघी हसलो. शब्द गेला तर गेला. हसू होतं ना जागेवर."

त्यांनी खाटेवरच्या नटाच्या कपाळावरून हात फिरवला. तो बेशुद्ध असायला हवा होता, पण त्याच्या मिटल्या पापणीखालून पाणी ओघळले.

कुजबुजे बघत होता. इतका लहान चेहरा आहे हा? गळ्याशी एवढ्या सुरकुत्या आहेत? आणि तरी त्या कपाळावर असा उजेड होता, की दिव्यांचा म्हणावा तर दिवे मंद होते. एवढे सगळे आपल्यापासून हाताच्या अंतरावर घडत होते आणि आपण ओळींवर बोट फिरवत बसलो होतो! त्याला श्वास घ्यायची आठवण राहिली नाही. तसाही तो नाकातून येणार नव्हताच.

पडदा पडला. टाळी जी सुरू झाली ती थांबेचना.

सगळी कंपनी विंगेत जमली. दिग्दर्शक आक्कांपुढे वाकलाच. "आक्का, हे तिसऱ्या अंकातलं... कुणी लिहिलं हे?"

"मला काय विचारता?" आक्का खुर्चीत टेकत म्हणाल्या. "यांना विचारा. यांनी सांगितलं तसं मी बोलत गेले." त्या कुजबुजेकडे वळल्या. "आज किती स्वच्छ ऐकू येत होतं हो तुमचं! आधी जरा बोबडं वाटलं. पण तिसऱ्या अंकात? एक शब्द चुकू दिला नाहीत."

कुजबुजेने त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा शोधली. नव्हती. त्या मनापासून सांगत होत्या. सगळे त्याच्याकडे असे बघू लागले, जसे तो आजवर आक्कांकडे बघत आला होता. नव्हे, ऐकत आला होता. त्याने "मी नाही, मी झोपलो होतो" असे सांगायला तोंड उघडले. पुन्हा नुसता वारा.

"उद्या पुन्हा हेच!" दिग्दर्शकाने त्याच्या दोन्ही खांद्यांना धरले. "शब्द न् शब्द हाच. आहे ना सगळं तुमच्याजवळ?"

आक्काही त्याच्याकडे वर बघत होत्या, अगदी निर्धास्तपणे.

कुजबुजेने मान हलवली, हो.

मग टोपी न घेताच तो नाट्यगृहाबाहेर पडला आणि भर उन्हात घराच्या वाटेला लागला. ओठ हलत होते, झोप तू, मी बसलेय, घरातल्या वस्तू, ती दुसरी बाई. चौकात त्याला एक भली मोठी शिंक आली. त्याने दोन्ही हातांनी नाक गच्च दाबून ती तिथेच परतवली. न जाणो, शिंकेबरोबर एखादा शब्द उडून जायचा.