होय अकरा, नाही एकशे एकोणतीस

कागदावर नोंद झाल्याशिवाय कोणत्याही रोगाला रोग म्हणता येत नाही, हे आरोग्यशास्त्राचं पहिलं तत्त्व आहे. ताप, फोड, खाज ही नुसती लक्षणं. ती कुत्र्यामांजरांनाही होतात. रोग व्हायला रकाना लागतो. शहरातल्या मोठमोठ्या इस्पितळांना हे अजून उमगलेलं नाही. मुरबाड तालुक्यातल्या बोरखांडच्या प्राथमिक शाळेला मात्र ते १९९८ सालच्या जानेवारीतच उमगलं. त्या शाळेत मी उपशिक्षक होतो आणि त्या वेळी मला त्याचा अभिमानही होता.

त्या महिन्यात शहापूरकडून, सापगावच्या एका लग्नातून, आमच्या गावात कांजिण्या आल्या. वरून परिपत्रक आलं. (परिपत्रक कांजिण्यांच्या तीन दिवस आधी पोचलं. खातं झोपलेलं असतं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.) शाळेने गावातल्या प्रत्येक कुटुंबाकडून एक घोषणापत्र भरून घ्यायचं होतं. त्यात प्रश्न एकच: 'आपल्या घरात कोणास संसर्गजन्य आजार आहे काय? होय / नाही.' जिथे 'होय' असेल तिथली मुलं इतरांपासून दूर ठेवायची. जी शाळा साथ आटोक्यात ठेवील तिला 'निरोगी शाळा' असं प्रमाणपत्र मिळणार होतं, चौकटीसकट. आमचे मुख्याध्यापक सावळाराम गुरुजी यांनी एकशे चाळीस घोषणापत्रं वाटली, गोळा केली, आणि मी त्यांचा तक्ता केला. नाही, एकशे एकोणतीस. होय, अकरा. अकराही 'होय' ओढ्यापलीकडच्या बौद्धवाडीतले निघाले. त्यामुळे साथीचं मूळ शोधण्याचं काम एका दुपारीच आटोपलं.

आता उपाययोजना. 'दूर' म्हणजे किती, ते परिपत्रकात नव्हतं. गुरुजींनी फळ्याची मोठी पट्टी आणून पाच फूट ठरवले. अकरा घरांतल्या आजारी मुलांनी दहा दिवस घरी राहायचं. बऱ्या झालेल्या मुलांनी आणि वाडीतल्या ठणठणीत मुलांनीही (कारण संपर्क) वर्गात न येता ओटीवर, म्हणजे शाळेच्या व्हरांड्यात, वेगळ्या बस्करपट्टीवर बसायचं. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांचा रोगमुक्तीचा दाखला आणला की आत यायचं. माठाला हात लावायचा नाही. तहान लागली की शिपाई दामू वरून पाणी ओतील, त्यांनी ओंजळ धरावी. ही वरून ओतण्याची पद्धत शास्त्रीय असूनही गावाला तिचं प्रशिक्षण द्यावं लागलं नाही. दामूचे वडील शिपाई होते तेव्हापासून ती घरात होती.

ओटीवर वीस मुलं बसली. त्यांत चौथीतली पौर्णिमा होती. तिचा बाप बुद्धभूषण कसाऱ्याला रेल्वेत रुळांच्या कामावर होता, आठवड्याला एकदा घरी यायचा, आणि पोरीचा अभ्यास तिचा आजा सदानंद घ्यायचा. सदानंदला बुद्धिमत्ता चाचणी कळत नव्हती, म्हणून त्या वेळी तो नुसता कंदिलाची काच पुसायचा. फेब्रुवारीतल्या तिसऱ्या रविवारी टोकावड्याला चौथीची शिष्यवृत्ती परीक्षा होती. ही परीक्षा जन्मात एकदाच देता येते. आमच्या शाळेतून दोघांची नावं गेली होती, पौर्णिमा आणि धोंडूबाईंचा नातू स्वरूप. सरावात पौर्णिमाला शंभरात ब्याण्णव पडायचे, स्वरूपला एकेचाळीस. (गुरुजी म्हणत, दोघांची सरासरी समाधानकारक आहे.)

पौर्णिमाच्या कांजिण्या नवव्या दिवशी सुकल्या. अकराव्या दिवशी ती शाळेत आली आणि ओटीवर बसली. शिष्यवृत्तीचा जादा तास मी आत घ्यायचो, ती खिडकीखाली बसून ऐकायची. फळा दिसत नसे. मी गणित मोठ्याने वाचायचो, ती पाटीवर सोडवून पाटी खिडकीला लावायची. आत समोर बसलेला स्वरूप तिचं उत्तर पाहून घ्यायचा. त्यामुळे शाळेची सरासरी आणखी सुधारली.

एके दिवशी सदानंद तिला डबा द्यायला आला आणि ओटीच्या खाली उभा राहिला.  मग म्हणाला, "ही जागा माझ्या वळखीची हाय, सर. चौथीपतूर आमी हितंच बसलो. तवा आमाला दाखला पन कुनी मागत नव्हतं."

मी म्हणालो, हे फक्त साथीपुरतं आहे.

"आमचं पन साथीपुरतंच व्हतं," सदानंद म्हणाला, आणि डबा पाच फुटांवर ठेवून गेला.

इथे वर्गाच्या आतल्या आरोग्यस्थितीचा अहवाल देणं माझं कर्तव्य आहे. आत सदतीस मुलं होती, पैकी तेवीस खाजवत होती. स्वरूपच्या गळ्याला मफलर, अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिशात कडुलिंबाचा डहाळा. मी गुरुजींना विचारलं, हे काय? गुरुजींनी मला बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणून सांगितलं की यातला एकही आजारी नाही. मी स्वरूपच्या घरी गेलो. दारात लिंबाच्या फांद्या, चुलीवर बिनफोडणीचं वरण. धोंडूबाईंनी मला उंबऱ्यातच थांबवलं.

"आजार नको म्हनू रे मास्तर, रागवंल ती," त्या म्हणाल्या. "बाया आल्यात. पाव्हनी हाय आमच्या घरात. सात दिस ठेवायची, न्हाऊ घालायचं, ओटी भरून वाटेला लावायचं."

"मग घोषणापत्रात नाही लिहिलंत?"

"आजार हाय का, आसं इचारलंवतं. देवी आलीय का, आसं कुठं इचारलंवतं?"

 म्हातारी खोटं बोलत नव्हती. तिने देवीला पाहुणी मानलं होतं, आणि पाहुणीला कोणी रकान्यात कोंबत नाही. गावातल्या एकशे एकोणतीस घरांपैकी साठेक घरांत ही पाहुणी मुक्कामाला होती, आणि सगळ्यांनी खऱ्या मनाने 'नाही' लिहिलं होतं. बौद्धवाडीत मात्र छप्पन सालानंतर देवीला घर उरलेलं नव्हतं. तिथे फोड आले की फोडच येतात आणि ताप आला की तापच येतो. तेव्हा तिथल्या अकरा घरांनी पोरांच्या अंगाकडे बघितलं, प्रश्न वाचला आणि जे होतं ते लिहिलं. अशा रीतीने साऱ्या गावातला रोग ज्यांनी त्याला रोग म्हटलं त्यांच्याच घरी सापडला. रोगशास्त्रात याला काय म्हणतात मला माहीत नाही, पण तक्त्यात ते फार सुबक दिसत होतं.

ही माहिती घेऊन मी गुरुजींकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "साठ घरं ओटीवर बसवायची तर ओटी वाढवावी लागेल. बांधकामाला मंजुरी नाही. आणि धोंडूबाई शाळेला मैदान देणाऱ्या घरातली. तू तक्ता केलास ना? पुरे झालं. आता त्यात नाक खुपसू नको." मी नाक बाहेर काढलं. शिवाय माझी स्वतःची एक अडचण होती. त्या आठवड्यात माझ्याही पाठीवर फोड उठले होते. माझं वय एकोणतीस, लहानपणी कांजिण्या राहून गेलेल्या. शिक्षकांनी आपलं घोषणापत्र वेगळं भरायचं होतं. किरकोळ रजा संपलेल्या होत्या, अर्धवेतनी घ्यायची इच्छा नव्हती. आमच्या घरी बाया मानत नाहीत, आईवडील दोघंही शिकलेले. तरी मी 'नाही' लिहिलं आणि कॉलरचं वरचं बटण लावलं. धोंडूबाईंच्या 'नाही'ला निदान देवीचा आधार होता.

राहिला पौर्णिमाचा दाखला. डॉक्टर आरोग्य केंद्रात बुधवारी बसत. परीक्षेआधी बुधवार दोन होते. पहिल्या बुधवारी सदानंद तिला घेऊन एसटीने गेला. डॉक्टरांची जीप वाटेत बंद पडली होती. दुसऱ्या बुधवारी गेला तर दाराला चिठ्ठी लावलेली, की डॉक्टर ठाण्याला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला गेले आहेत. प्रशिक्षणाचा विषय 'साथीच्या काळात तातडीची सेवा' असा होता. दाखला नाही म्हणून पौर्णिमा अजून रोगीच. रोगी म्हणून तिचं परीक्षेचं प्रवेशपत्र गुरुजींच्या कपाटात.

शुक्रवारी संध्याकाळी सदानंद आणि पौर्णिमा कचेरीत आले. म्हणजे दारात. गुरुजी वाईट माणूस नव्हते, हे मी कोणत्याही चौकशीत सांगायला तयार आहे. त्यांनी स्वतः तिचं घोषणापत्र शोधून काढलं, पेन पुढे केलं, आणि पोटतिडकीने बोलले.

"सदानंद, माणसानं ताणू नये. पोरगी हुशार आहे. 'होय'वर एक आडवी रेघ मार, 'नाही' लिही, शेजारी सही कर. म्हण, बाया आल्या होत्या. आजार नव्हताच म्हटल्यावर दाखला कशाला लागतो? प्रवेशपत्र आत्ता हातात देतो."

सदानंदने पेन घेतलं. "आमी दीक्षा घेतली त्या दिशी माज्या आयनं घरातले देव नदीला सोडले, गुरुजी. मागनं आमच्यात पोरं आजारी पडली, दोन गेली पन. पन बाया आल्या आसं आय कवाच म्हनली नाय." मग त्याने तो कागद नातीपुढे धरला.  "पन पोरीचं वरीस हाय," तो म्हणाला. "तू सांग गो. परीक्षा तुजी हाय."

घोषणापत्र पौर्णिमानेच लिहिलेलं होतं, घरात तिचं अक्षर सगळ्यांत चांगलं म्हणून. ती गुरुजींकडे नाही, माझ्याकडे बघून बोलली.

"सर, तुमी वहीत लिहून दिलंत, कांजिण्या हा विषाणूंमुळे होणारा संसर्गजन्य आजार आहे. दोन मार्कांचा प्रश्न. ते पन खोडू का?"

मी कॉलरचं बटण चाचपून पाहिलं.

"आनि स्वरूपला आमच्यासारकेच फोड हायत. मंग आजार आमच्याच वाडीत कसा?"

"हा प्रश्न घोषणापत्रात नाही," गुरुजी म्हणाले.

मी खिडकीबाहेर बघत होतो. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. कॉलरच्या आत मान भयंकर खाजत होती, आणि मला लाज वाटत होती, चांगली सणसणीत. (लाजेला तक्त्यात रकाना नव्हता.) माझ्या तोंडातून एक वाक्य निघालं असतं, तर अख्खा तक्ता कोसळला असता आणि ती पोरगी रविवारी परीक्षेला जाणाऱ्या जीपमध्ये बसली असती. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की गुरुजी, मलाही कांजिण्या आहेत, मलाही ओटीवर बसवा. ते वाक्य मी आजतागायत बोललेलो नाही. सदानंदने पेनाला टोपण लावलं, टेबलावर ठेवलं आणि नातीला घेऊन गेला.

रविवारी काळीपिवळीने मी स्वरूपला टोकावड्याला नेलं. ओढ्याजवळ पौर्णिमा उभी होती, शाळेच्या गणवेशात, रविवार असून. ड्रायव्हरने जीप हळू केली, त्याला वाटलं पॅसेंजर आहे. मी म्हणालो, चला. परीक्षेत स्वरूपला खाज आवरेना. पाऊण तासात पेपर देऊन तो बाहेर आला आणि केंद्रावरच्या इतर मुलांशी विटीदांडू खेळत बसला. पुढच्या तीन आठवड्यांत टोकावड्यापासून घाटाच्या पायथ्यापर्यंत सात गावांमध्ये दारोदार लिंबाच्या फांद्या लागल्या. आजाराची नोंद एकही नाही. परीक्षेनंतरच्या बुधवारी डॉक्टरांनी पौर्णिमाला दाखला दिला: 'सदर मुलगी निरोगी असून वर्गात बसण्यास हरकत नाही.' तो मी स्वतः फायलीला लावला.

एप्रिलमध्ये आमच्या शाळेला 'निरोगी शाळा' प्रमाणपत्र मिळालं. एकशे चाळीसपैकी केवळ अकरा कुटुंबांत रोग, तोही एकाच वस्तीत रोखलेला, याचा त्यात खास उल्लेख आहे. चौकट लावायला आत भिंत रिकामी नव्हती, म्हणून ती ओटीवर लावली. बस्करपट्टीही तिथून कोणी उचलली नाही. साथ संपल्याचं परिपत्रक यायचं होतं.

माझी बदली झाल्याला आता दहा वर्षं होत आली. हे सगळं लिहून काढलं ते एका शंकेपोटी. या कथेच्या दुसऱ्याच परिच्छेदात मी तुम्हाला सांगितलं, की साऱ्या गावातून अकरा 'होय' आले आणि अकराही बौद्धवाडीतून आले. तिथे तुम्ही थांबलात का? असं कसं, एवढंच मनात आलं का? चौथीतल्या मुलीला तो प्रश्न पडला होता. तुम्ही वाचलंत, ठीक आहे म्हणालात, आणि उपाययोजनेकडे वळलात. मला राग नाही. तक्ता मीच केला होता, मीही तसाच वळलो होतो.

त्या गठ्ठ्यातलं एक घोषणापत्र माझ्याकडे कोरं राहिलंय. आपल्या घरात कोणास संसर्गजन्य आजार आहे काय? होय की नाही, तेवढं लिहायचं आणि खाली सही करायची. तुम्ही काय लिहिणार, ते मला ठाऊक आहे. कॉलरचं वरचं बटण तेवढं लावून घ्या.