वासुदेवभाऊंचा एक्सायटॉन

वासुदेवभाऊंनी तेरवीच्या पंगतीतून एका माणसाला उठवलं, तेही पानात बुंदी पडल्यावर.

"हा झाला इलेक्ट्रॉन," ते वाढप्यांना थांबवून म्हणाले. "याची रिकामी जागा म्हणजे होल. आता पाहा, उठला तरी याचं ध्यान पानाकडंच लागून राहिलं! या जोडीले म्हणतात एक्सायटॉन."

भंडाऱ्यात माझ्या घराशेजारी भाऊंचं पितळी भांड्यांचं दुकान आहे. शिक्षण दहावी, तेही गणितात गटांगळ्या खात. मुलगी प्राची मात्र परदेशात संशोधन करते. एका अणूच्या जाडीचे चुंबकीय पदार्थ आणि त्यांत या जोड्या एकजीव होऊन बनणारं कंडेन्सेट, हा तिचा विषय. भाऊ मात्र तो वडिलोपार्जित असल्यासारखे बोलतात.

गिऱ्हाईक गंज म्हणजे पातेलं मागतं, भाऊ लोहचुंबक काढतात. पितळेला तो चिकटत नाही, म्हणून भाऊ पितळेवरच डाफरतात. "माल जाड आहे जी! पातळ पाहिजे, एकदम पातळ!" हे ऐकून सिहोऱ्याची एक बाई, "पातळ भांडे गळ्यात मारता काय?" असं ओरडून निघून गेली.

व्याख्यान संपलं की वसुली सुरू. "शंका विचारा जी, शंका! अशी कशी कोणालेच शंका नाही?" शंका दिल्याशिवाय सुटका नसते. तेरवीला तो उठवलेला माणूस कळवळून म्हणाला, "भाऊ, मी बसू कधी?"

"वा! इलेक्ट्रॉन जागेवर बसला का जोडी खतम, उजेड पडते. पण कडक थंडीत साऱ्या जोड्या एकजीव होतात. हं, उचला सारे संगच घास!"

आम्ही निमूटपणे एकदम घास उचलले. ज्याची तेरवी होती, तो बिचारा कोणाच्या लक्षातही राहिला नाही.

परवा उसना दिलेला पाना मागायला भाऊंच्या घरी गेलो, तर प्राचीचा व्हिडिओ कॉल चालू होता. "थंडी कमी झाली तर जोड्या फुटतात काय वं?" भाऊंनी विचारलं. ती भराभर समजावू लागली. भाऊ हुंकार देत होते आणि नुसते तिच्या तोंडाकडे पाहत होते.

मग फोनवर तळहात ठेवून माझ्या कानाशी आले. "जेवली काय विचारलं तर हो म्हणते अन् ठेवून देते. हे विचारलं का बोलतच राहते. तुमच्याजवळ एखादी शंका असन तर द्या न जी. माह्या साऱ्या सरल्या."

वहिनी गेल्यापासून त्या घरात भाऊंशिवाय कोणी नाही. मला ऐनवेळी एक शंका सुचेल तर शपथ.

"समजलं न आता, बाबा?" तिकडून प्राची म्हणाली. "ठेवू काय मग?"

साऱ्या भंडाऱ्याला शिकवत फिरणारा हा माणूस घाईघाईने म्हणाला, "नाही वं बेटा, काहीच नाही समजलं. पहिल्यापासून सांग."