नैवेद्याची मूद

"याला भात म्हणत असतील, तर उद्यापासून मला अनंत म्हणू नका," अनंतराव ताटाशी पुटपुटले. ताटात किसून वाफवलेला फ्लॉवर होता. शेजारीच बसलेल्या हेमाताईंना ते स्पष्ट ऐकू आलं.

"अहो, काही म्हणालात?"

"छे! छान मोकळा झालाय म्हटलं."

बेत हेमाताईंचा, आणि तोही पोलादी! त्यांचा गुडघा कुरकुरायला लागला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, वजन उतरवा, नाहीतर पर्वती खालूनच बघा. लग्न झाल्यापासून दर रविवारी नवऱ्याबरोबर पर्वती चढणारी बाई ती! वर कठड्याशी उभं राहून खालचं पुणं बघताना त्यांना वाटायचं, हे सगळं आपल्याच अंगणात मांडलंय. "दिवाळीच्या आत मी वर पोचलेली असेन!" त्यांनी जाहीर केलं आणि घरात लो-कार्ब सुरू झालं. पोळी बंद, भात बंद, बटाटा तर थेट शत्रुपक्षात! सोबत हवी म्हणून नवऱ्याला आणि लेकीला, नीरजालाही त्यांनी त्यात ओढलं.

आता देवाचं काय करायचं? त्याला का फ्लॉवर दाखवायचा? म्हणून नैवेद्यापुरती आंबेमोहोराची लिंबाएवढी मूद राहिली. वर वरण, तुपाची धार, तुळशीचं पान. प्रसाद टाकायचा नसतो, म्हणून ती हेमाताईंनी खाल्ली. डोळे मिटून, अगदी सावकाश.

त्या दुपारी त्यांना स्वप्न पडलं. पर्वतीच्या पायऱ्या पांढऱ्याशुभ्र, वाफाळत्या भाताच्या झाल्या होत्या. पाऊल अलगद रुतत होतं, गुडघा मुळीच दुखत नव्हता, आणि दोन्ही बाजूंनी तुपाचे ओहोळ संथ वाहत होते. जाग आली तरी तो वास उशीपाशी रेंगाळत राहिला.

दुसऱ्या दिवशी मूद पेरूएवढी झाली. मग नारळाएवढी!

त्यातच घरात भक्तीची साथ आली. जन्मात कधी उदबत्ती न लावलेले अनंतराव भल्या सकाळी अंघोळ करून देव्हाऱ्यापुढे हजर! "तू बस गं, गुडघा दुखेल. नैवेद्य मी दाखवतो." संध्याकाळी नीरजा लॅपटॉप मिटून स्वयंपाकघरात.

"आई, देवाला साबुदाण्याची खिचडी चालते ना?"

"तू तर देव मानत नाहीस!"

"नाहीच मानत. पण म्हणून त्याला उपाशी का ठेवायचं?"

खालच्या मजल्यावरच्या श्यामलावहिनींनी सारखी वाजणारी घंटा ऐकली आणि ओळखलं, वर मोठं अनुष्ठान चाललंय! संध्याकाळपर्यंत सगळ्या बिल्डिंगला कळलं. शिरा आला, पुरणपोळ्या आल्या, उकडीचे मोदक आले. "तुमच्या देवापुढे आमचंही ठेवा हो!" देवासाठी आलेलं परत कसं करणार? देव्हारा एवढासा आणि ताटांची रांग दारापर्यंत! घंटा वाजायची, डोळे मिटायचे आणि थोड्या वेळानं सगळी ताटं लख्ख. कुणी कुणाला काही विचारायचं नाही. मग तिघंही गोड गुंगीत पंख्याखाली ढगासारखी तरंगायची.

दिवाळी तोंडावर आली. हेमाताई वजनकाट्यावर उभ्या राहिल्या. काटा जो निघाला, तो थांबेचना! डॉक्टरांकडे भरलेल्या वजनाच्याही पुढे गेला.

"फरशीला उतार असेल," नीरजा म्हणाली.

"केस ओले आहेत माझे," हेमाताई म्हणाल्या.

"काटा पहिल्यापासून आगाऊच आहे," अनंतराव म्हणाले.

एवढ्यात श्यामलावहिनी बासुंदीचं पातेलं ठेवून गेल्या. अनंतरावांनी ते देवापुढे सरकवलं, घंटा उचलली. हेमाताई गॅलरीच्या दाराशी थबकल्या होत्या. दूरवर, मऊ धुक्यात, पर्वती नुसती तरंगत होती. किती जवळ वाटत होती!

अनंतरावांनी बायकोच्या तोंडाकडे पाहिलं आणि घंटा न वाजवताच खाली ठेवली.

"हेमा, पर्वती तुला चढायचीय. आणि खरं सांगू का? देवानं अजून एक घाससुद्धा खाल्लेला नाही गं. सगळं आपणच खातोय."