दारासमोरच्या जागेवर चहा

"समोर एक रिकामी खुर्ची ठेवा. सासूबाई तिच्यावर बसल्या आहेत असं समजा, आणि मनात आहे ते बोलून टाका," मेरिम बाई कानात म्हणाल्या.

बुरुलाईनं घरभर नजर फिरवली. घरात खुर्चीच नव्हती, सगळे जमिनीवर गाद्या घालून बसणारे. शिवाय नारिनजवळच्या त्या गावात सुनेनं दार लावून बसणं म्हणजे भांडण झाल्याची दवंडीच. म्हणून राजधानी बिश्केकच्या समुपदेशक मेरिम बाईंचा दर गुरुवारचा तास सताड उघड्या दारात चाले. फोन एप्रनच्या खिशात, इअरफोन डोक्यावरच्या रुमालाखाली.

विषय एकच होता. बिश्केकच्या दवाखान्यात तिला मुख्य परिचारिकेची जागा मिळाली होती आणि सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता. पण नवरा एलामान शेंडेफळ, आणि धाकट्या मुलानं आईची चूल सोडायची नाही ही रीत. एलामान ट्रकवर होता. "आईला तूच सांग," तो म्हणाला होता. "मी सांगितलं तर ती रडेल. तू सांगितलंस तर नुसती रागावेल." या थोर विचारापायी बुरुलाईची महिनाभराची झोप उडाली होती.

आपा, म्हणजे सासूबाई, गोठ्यात धार काढत होत्या. बुरुलाईनं खोलीत दारासमोरच्या भिंतीलगत, मानाच्या जागेवर चांगली गादी घातली आणि पेल्यात चहा ओतला.

"चहा कशाला?" मेरिम बाईंनी विचारलं.

"बसवलंय तर विचारायला नको का?"

मग ती गुडघ्यांवर बसली. "रागावू नका हो," ती गादीला म्हणाली. "मला जायचंय. किती दिवस तोंड मिटून बसलेय! मला जाऊ द्या!" आणि तिला खरोखरच रडू कोसळलं.

दारात बादली आदळली. आपा उभ्या होत्या. त्यांना दिसलं ते असं: गुरुवारची संध्याकाळ, म्हणजे गेलेल्यांच्या आत्म्यांनी घरी फेरी मारायची वेळ. दोन वर्षांपूर्वी वारलेल्या नवऱ्याची जागा. तिथं वाफाळता चहा, आणि समोर ओक्साबोक्शी रडणारी सून. आपा त्या जागेला पाठ न दाखवता उलट्या पावली बाहेर गेल्या.

थोड्याच वेळात कढत तेलाचा वास सुटला. बुरुलाई स्वयंपाकघरात धावली. आपा बोर्सोकचे पिठाचे तुकडे भराभर तळत होत्या.

"आपा, हे काय?"

"गप. आलेत ना? तळणाचा वास तरी पोचू दे. उपाशी धाडू का त्यांना?"

वासामागोमाग शेजारीण सात्किन आली, सगळं ऐकून मुल्लासाहेबांना बोलवायला पळाली, आणि येताना निम्मी गल्ली घेऊन आली. तेवढ्यात आपांच्या मोबाईलवर एलामानचा फोन. "बाबा आलेत म्हणे? थांबवून ठेव, मी ट्रक वळवतोय!"

मुल्लासाहेबांनी प्रार्थना म्हटली. मग सात्किननं सगळ्यांच्या मनातलं विचारलं. "काय म्हणाले गं?"

बुरुलाईनं मनाशी हिशेब केला. 'जा म्हणाले', एवढं म्हटलं की काम फत्ते.

"बुरुलाई, खरं तेच बोला," कानात आवाज आला.

"अगं बाई, तुम्ही अजून आहात?" ती पुटपुटली.

"बारा मिनिटं बाकी आहेत."

'अजून आहात?' ऐकून मुल्लासाहेब दचकले. बुरुलाईनं आपांना हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. "मी तुमच्याशी बोलत होते, आपा."

"माझ्याशी? मी तर गोठ्यात होते!"

"तुम्ही समोर असता तर बोलले नसते."

आपांनी कढईखालचा जाळ कमी केला. "मला वाटलं, मला सोडून तुलाच भेटले. रागच आला होता म्हाताऱ्याचा," त्या हळूच म्हणाल्या. बुरुलाईला इतकं वाईट वाटलं की बिश्केक, दवाखाना सगळं क्षणभर नकोसं झालं. "जाऊ दे ते, आपा. मी नाही जात."

"गप बस. आता एवढं तळलंय." आपांनी हात पुसले आणि त्या बाहेर गेल्या. "म्हणाले, धाकट्या सुनेला बिश्केकला पाठव," त्यांनी खणखणीत आवाजात जाहीर केलं. "तिला नोकरी लागलीय."

"आमीन," मुल्लासाहेब म्हणाले. जिवंत म्हाताऱ्याशी गावानं वर्षभर वाद घातला असता, मेलेल्याशी कोण घालणार! रीत तिथल्या तिथं निकालात निघाली.

"आणखी काही म्हणाले?" सात्किननं विचारलं.

आपांनी त्या गादीकडं क्षणभर पाहिलं. "म्हणाले, गाय सात्किनला दे आणि तूही जा त्यांच्याबरोबर. कायमची. घर मी बघतो."

"आमीन," सगळी गल्ली म्हणाली.

बुरुलाईच्या घशात बोर्सोक अडकला.

"आता कसं वाटतंय?" मेरिम बाईंनी विचारलं.

"बाई," बुरुलाई कुजबुजली, "आठवड्याला दोन तास देता येतील का हो?"