सहकारी तत्त्वावर इंग्रजी

ज्या समाजात परफ्लुअन्स वाढत नाही तो समाज मागे पडतो, याबद्दल विचारवंतांत आता दुमत राहिलेले नाही. आमचे गाव राळेगाव तालुक्याच्या एका टोकाला असूनही मागे पडले नाही, याचे सारे श्रेय आमच्या उच्च इंग्रजी शब्दसंपदा सहकारी संस्थेला (मर्यादित) जाते. संस्थेचा मानद सचिव या नात्याने तिचा हा वृत्तांत मी पूर्ण नि:पक्षपातीपणे सादर करत आहे. संस्थेत एकही दोष नाही.

सुरुवात यवतमाळच्या प्रफुल्ल सरांपासून झाली. सरांनी समाजमंदिरात भाषणात सांगितले की साध्या इंग्रजीला आता कुत्रंही विचारत नाही, प्रगत शब्द पाहिजेत; आणि इंग्रजी शब्दांचे एक जाडजूड पुस्तक ठेवून ते शेवटच्या एसटीने परत गेले. ते पुस्तक एका माणसाच्या डोक्यात मावणार नाही, हे गावाने ते उचलूनच ओळखले. पण आमच्याकडे फवारणीचा पंप तरी कुठे घरोघरी असतो? चार-दोन घरी असतो. ज्याला लागला तो मागून नेतो आणि धुऊन परत करतो (धुण्याबाबत मतभेद आहेत). मग शब्दांनाच वेगळा न्याय कशाला? ठराव झाला, टाळ्या झाल्या, आणि शब्द घरोघरी वाटून दिले.

‘युबिक्विटस’ सेवादासभाऊंकडे गेला. ‘मेटिक्युलस’ कांताबाईंच्या वाट्याला आला. ‘क्विन्टेसेन्शियल’ हा मोठा शब्द मारोतरावांना दिला, कारण त्यांचे घरही मोठे आहे. ज्याच्याकडे जो शब्द, त्याने तो सांभाळायचा, गरजवंताला द्यायचा, संध्याकाळपर्यंत परत घ्यायचा आणि तालुक्याबाहेर जाऊ द्यायचा नाही. अर्थ विचारणे मात्र सक्त मना. त्याने शब्दमालकाची पंचाईत होते आणि गावातला सलोखा बिघडतो.

कुरबुरी झाल्या नाहीत असे नाही. कांताबाईंची तक्रार होती की त्यांनी शब्द दिला तेव्हा चांगला होता, पिंटूने परत आणला तेव्हा त्याचा ‘मटकुलस’ झालेला होता. पिंटूचे म्हणणे, मिळाला तोच तसा. पंपाच्या बाबतीतही हेच वाद होतात, म्हणून आम्ही फार मनावर घेतले नाही. आज गावातले अडुसष्ट टक्के लोक असे बोलतात की उरलेल्या बत्तीस टक्क्यांना ते समजत नाही. बोलणाऱ्या अडुसष्टांनाही समजत नाही, त्यामुळे गावात समता नांदते.

संस्थेची खरी कसोटी मात्र रुखमाबाईंच्या निशिगंधेमुळे लागली. पोरगी शेतकीची पदवी घेतलेली. पुण्याच्या एका माती परीक्षण प्रयोगशाळेत नोकरी निघाली होती, मुलाखत ऑनलाइन. नोकरी लागली नाही तर उमरखेडच्या स्थळाला होकार द्यायचा, असे घरात ठरलेले. स्थळ वाईट नव्हते. फक्त मुलाचे म्हणणे होते की लग्नानंतर मातीबिती बंद, आणि निशिगंधेचा जीव त्या मातीतच अडकला होता. आठवडाभर तिच्या घशाखाली घास नीट उतरला नाही.

‘‘आई, मले साधंच बोलू दे,’’ ती म्हणाली. ‘‘माती मले समजते, तेच सांगतो ना.’’

‘‘समजते ते सांगून नोकरी लागते काय वं?’’ रुखमाबाई म्हणाल्या. ‘‘समजत नाही ते सांग.’’

संस्थेचे धोरण इतक्या थोडक्यात मलाही कधी मांडता आले नाही.

मुलाखतीच्या दिवशी निशिगंधा लॅपटॉपसमोर बसली आणि सारे शब्दमालक कॅमेऱ्यात दिसणार नाहीत असे भिंतीला टेकून बसले. पडद्यावर तीन साहेब. प्रश्न आला की ज्याचा शब्द बसेल त्याने हात वर करायचा आणि हळूच शब्द पुरवायचा, अशी तालीम झालेली. पहिल्या काही उत्तरांत सेवादासभाऊ आणि कांताबाई उत्तम चालले. मधल्या साहेबांनी मग विचारले, मातीत सगळ्यात महत्त्वाचे काय?

हे उत्तर मारोतरावांच्या ‘क्विन्टेसेन्शियल’चे. आणि मारोतरावांची जागा रिकामी. ते भाच्याच्या साखरपुड्यात भाषण ठोकायला शब्दासकट यवतमाळला निघून गेले होते, म्हणजे थेट तालुक्याबाहेर (कारवाई प्रस्तावित आहे). निशिगंधेला खरे उत्तर येत होते. सेंद्रिय कर्ब. तिने तोंड उघडलेही, पण समोरून आईने डोळे वटारले आणि तिने ते मिटले. साहेब वाट पाहत होते. रुखमाबाईंनी पदर तोंडाला लावला. मला त्या क्षणी पोरीची मनापासून दया आली.

तेव्हा लॅपटॉपच्या मागून आमचे अध्यक्ष बाबूसिंगभाऊ हलकेच म्हणाले, ‘‘परफ्लुअन्स.’’

मातीत सगळ्यात महत्त्वाचा परफ्लुअन्स, असे निशिगंधेने सांगून टाकले आणि डोळे मिटले.

मधल्या साहेबांनी डावीकडच्यांकडे पाहिले. डावीकडच्यांनी कागदाकडे पाहिले. तिसऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, ‘‘एक्झॅक्टली.’’ त्यावर मधले साहेब म्हणाले की आमची प्रयोगशाळा गेल्या वर्षापासून परफ्लुअन्सवरच भर देत आहे, फक्त या विषयातला जाणकार माणूस मिळत नव्हता.

नोकरी लागली. उमरखेडला नकार कळवला. निशिगंधा त्या दिवशी दोन ताटे जेवली. आता प्रयोगशाळेत परफ्लुअन्सचा स्वतंत्र विभाग आहे आणि ती त्याची प्रमुख. त्या नावाखाली ती मुकाट्याने सेंद्रिय कर्ब मोजते. निकाल उत्तम येतात, म्हणून विभाग वाढवण्याचा प्रस्ताव आहे.

पोळ्याला ती गावी आली तेव्हा पेढे घेऊन आधी बाबूसिंगभाऊंकडे गेली. मीही होतो.

‘‘काका, तो शब्द आनला कुठून तुमी? कोणत्याच डिक्शनरीत सापडून नाही राह्यला.’’

‘‘सापडन कसा?’’ बाबूसिंगभाऊ पेढा खात म्हणाले. ‘‘पोरगी अडून राह्यली म्हणून मीच बनवला तवाच्या तवा.’’

‘‘अन् अर्थ?’’

‘‘अर्थ कायले विचारतं? नियम हाय ना संस्थेचा.’’

तर वाचकहो, संस्था आता तालुक्याबाहेरचेही सभासद घेत आहे. पात्रतेची परीक्षा एकच, आणि ती या वृत्तांताच्या पहिल्याच वाक्यात झाली. आपण तो शब्द वाचला, विचारवंतांत दुमत नाही म्हटल्यावर मान डोलावली आणि सरळ पुढे आलात (काहींनी तर तो आधीपासूनच माहीत असल्यासारखा चेहरा केला). अभिनंदन. आपले सभासदत्व मंजूर झाले आहे. आपल्याकडे कोणकोणते शब्द पडून आहेत तेवढे कळवावे. अर्थ कळवू नयेत.