पेडणेकर स्वतः करून बघतात

मी पेडणेकरांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या भुवया नुकत्याच कोरलेल्या होत्या. वय पंचेचाळिशीच्या पुढचं, अंगात राखाडी जाकीट, चेहऱ्यावर बॉयलरचं प्रेशर तपासत असल्यासारखा भाव, आणि त्या चेहऱ्यावर दोन नाजूक, कमानदार, नवरीला शोभतील अशा भुवया.

त्याला कारण मी होते. आयर्लंडमधल्या कॉर्कमध्ये नवीन होते, म्हणून इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं होतं, की थ्रेडिंग कुठे चांगलं करतात. एखादी बाई उत्तर देईल अशी माझी समजूत होती. दोन दिवसांनी पेडणेकरांचा मेसेज आला: "नदीपलीकडे, मासेवाल्याच्या वरचा मजला. बाई मूळच्या सुरतच्या. हात हलका आहे. दोरा नवीन वापरतात. डोळ्यांतून थोडे पाणी येते, ते स्वाभाविक. शिफारस आहे. स्वतः करून पाहिले आहे."

हे शेवटचं वाक्य त्यांच्या प्रत्येक शिफारशीच्या शेवटी असायचं आणि ते अक्षरशः खरं असायचं. पेडणेकर बंदराच्या बाजूच्या एका औषध कारखान्यात व्हॅलिडेशनला होते. तिथे मशीन नुसतं चालून भागत नाही. ते चालतं हे पुन्हा पुन्हा चालवून सिद्ध करावं लागतं. बारा वर्षं हेच करून त्यांचा ऐकीव माहितीवरचा विश्वास पार उडाला होता. कुणी ड्रायव्हिंग शिकवणारा माणूस विचारला, तर पेडणेकर, ज्यांच्या खिशात कित्येक वर्षं पक्कं लायसन्स होतं, ते तीन वेगवेगळ्या मास्तरांकडे धडे घेऊन आले. त्यातल्या एकाने त्यांना सांगितलं की तुम्ही अजून टेस्टला तयार नाही. पेडणेकरांनी त्याचीच शिफारस केली. माणूस कडक आहे, म्हणाले.

गरोदर बायकांच्या योगवर्गाची चौकशी झाली तेव्हा मात्र त्यांचा नाइलाज झाला. तसं त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं: "आत प्रवेश मिळाला नाही. पार्किंग उत्तम."

त्यांच्या शिफारशीला तीन पायऱ्या होत्या. पहिली, "शिफारस आहे." दुसरी, "सशर्त शिफारस आहे," म्हणजे तो न्हावी चांगला आहे, पण त्याच्याशी रग्बीबद्दल बोलू नये. तिसरी, "ज्याने त्याने ठरवावे." ही तिसरी आली की त्या दुकानात मराठी माणूस पुन्हा पाऊल ठेवत नसे.

ग्रुपवर त्यांची चेष्टा चालायची. पाठीमागे त्यांना 'आयएसओ' म्हणायचे. पण कुणाच्या बाथरूमचा पंप रविवारी बंद पडला, की चेष्टा करणाराच आधी त्यांना फोन लावायचा. ते कुणाकडे जेवायला म्हणून थांबत नसत. डबा द्या, म्हणायचे, घरी शांतपणे खाऊन बघतो. ते एकटे राहतात, मूळचे सावंतवाडीचे आहेत, यापलीकडे कुणाला फारसं ठाऊक नव्हतं. त्यांना तसं कुणी काही विचारलंच नव्हतं. जो तो कणकेबद्दल आणि टायरबद्दल विचारायचा.

मग लॉकडाऊन आला. दुकानं बंद, न्हावी बंद, घरापासून दोन किलोमीटरच्या पलीकडे फिरायलाही जायचं नाही. ग्रुपवर कुणी काही विचारेना, कारण कुठे जायचंच नव्हतं. पेडणेकरांचा कारखाना चालू होता, पण बाकीचा वेळ त्यांना सोसेना. ते न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देऊ लागले. "नदीकाठचा तिसरा बाक. ऊन दुपारी येते. पाठ सरळ राहते. शिफारस आहे. स्वतः बसून पाहिले आहे." कुणी अंगठ्याचं चित्र टाकायचं, कुणी तेही नाही.

माझ्या घरी तेव्हा वेगळाच पेच होता. माझा नवरा लेटरकेनीच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर, म्हणजे देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. मी इथे कॉर्कला, मेडिकल उपकरणांच्या कंपनीत. माझी आई कराडहून थोड्या दिवसांसाठी म्हणून आली होती आणि विमानं बंद झाल्यामुळे अडकली होती. तिने ते निमूट सोसलं होतं. खिडकीत बसायची, समोरच्या आयरिश आजींना हात हलवायची, कराडच्या मावशीशी व्हिडिओवर तासन्‌तास बोलायची.

एका सकाळी तिची वरची कवळी वॉशबेसिनमध्ये पडली आणि मधोमध दुभंगली.

आधी मला ते हसण्यावारी नेण्यासारखं वाटलं. आईला तसं वाटलं नाही. तिने पदर तोंडाला लावला तो काढेचना. मावशीचा फोन आला की कॅमेरा बंद. पुढे फोनच बंद. खिडकीचा पडदा ओढून घेतला, कारण समोरच्या आजी हसल्या तर हसावं लागेल. पेज आणि दूध, तेही मी दुसऱ्या खोलीत गेल्यावर. तिला साखरेच्या गोळ्या चालू होत्या, त्यामुळे अर्ध्या पोटाचा परिणाम लवकर दिसला. एकदा न्हाणीघरातून बाहेर येताना तिला घेरी आली आणि ती दाराला धरून खाली बसली. मी डेंटिस्टांना फोन लावले. कळा असतील, सूज असेल तरच घेऊ, म्हणाले. तुटलेल्या कवळीत कळा येत नाहीत.

मी ग्रुपवर विचारलं. चिकटवायला सुपरग्लू चालेल का, हेही विचारलं.

पेडणेकरांचं उत्तर लगेच आलं, पण अर्धंच. "सुपरग्लू लावू नये. लावले असल्यास कळवावे." पुढे काही नाही. ना शिफारस, ना अट. दिवसभर ग्रुपवर कुजबुज चालू होती, की आयएसओला पहिल्यांदाच उत्तर सापडलेलं नाही. कवळी काय स्वतः लावून बघणार, असंही कुणीतरी लिहिलं, खाली हसरे चेहरे.

संध्याकाळी त्यांचा मला फोन आला. आवाज नेहमीसारखा कोरडा. म्हणाले, माझ्या कारखान्याच्या वाटेवर डेक्लन म्हणून एक निवृत्त माणूस आहे, घरामागच्या शेडमध्ये कवळ्या दुरुस्त करतो. उद्या कामावर जाताना मी तुकडे घेऊन जातो. पिशवीत घालून ठेवा.

दुसऱ्या दिवशी ते आले. मास्क, हातमोजे, आणि आमच्या दारापासून नेमकं जितकं लांब उभं राहायला सांगितलं होतं तितके लांब. पण आईने पिशवी घट्ट धरून ठेवली. दाराआडूनच म्हणाली की परक्या माणसाच्या हातात तोंडातली वस्तू मी देणार नाही. मी समजावलं, रागावले, मग बाहेर येऊन पेडणेकरांना म्हटलं की जाऊ द्या, तुम्हाला उशीर होईल.

पेडणेकर गेले नाहीत. त्यांनी हातमोजे काढले. खिशातून सॅनिटायझर काढून हात सावकाश चोळले, वाळू दिले. मग पाठ वळवून मास्क खाली ओढला, तोंडात बोटं घातली, आणि पुन्हा आमच्याकडे वळले.

"काकू," ते म्हणाले, "हे बघा. थमोरचे चार माझे नाहीत."

त्यांच्या तळहातावर चार दात होते. तोंडात त्या जागी मोठं खिंडार. त्या कोरीव भुवयांच्या खाली ते खिंडार इतकं विलक्षण दिसत होतं की मी नजर दुसरीकडे वळवली. आईने मात्र दार थोडं उघडलं.

"कवा गेलं?" तिने पदराआडून विचारलं.

मग त्यांनी सांगितलं. तिथे उभ्याउभ्या, हातात दात घेऊन. ग्रुपवर कुणीतरी आपल्या मुलीसाठी हर्लिंगचा क्लब विचारला होता. हर्लिंग म्हणजे लाकडी फळीने चेंडू हाणायचा इथला खेळ. पेडणेकर अर्थातच स्वतः मैदानात उतरले होते, मुलांच्या सरावाला, गोलपोस्टच्या शेजारी. सात वर्षांच्या एका मुलीने मारलेला चेंडू सरळ तोंडावर आला. मुलगी रडायला लागली. हे तोंडात रक्त घेऊन तिला म्हणाले, ग्रँड, ग्रँड. घरी येऊन ग्रुपवर लिहिलं: "प्रशिक्षक प्रेमळ. मैदान उत्तम. हेल्मेट घालावेच. शिफारस आहे. स्वतः करून पाहिले आहे."

मी विचारलं, दात गेल्याचं लिहिलं नाहीत?

ते म्हणाले, लिहिलं असतं तर क्लब विचारणाऱ्यांनी आपल्या मुलीला पाठवलं नसतं. तिला फार खेळायचं होतं. ती आता तालुक्याकडून खेळते. तालुका म्हणजे इथली काउंटी, हे त्यांनी आईसाठी भाषांतर केलं होतं.

आईने पदर खाली केला. तिचं ते बोळकं कितीतरी दिवसांनी मला दिसलं. ती हसत होती. आधी आवाज न करता, मग खांदे हलवत, मग दाराला टेकून. पेडणेकरही हसले. ते हसताना मी तोवर पाहिले नव्हते. कसे पाहणार, ते ओठ मिटूनच वावरायचे. त्यानंतर दोघांचं जे बोलणं झालं ते मला निम्मंच कळलं. भाकरी दुधात किती वेळ बुडवायची, सफरचंदाचं काय करायचं, अशी काहीतरी देवाणघेवाण चालली होती. अंगणात दात असलेली मी एकटीच होते आणि मला कुणी बोलण्यात घेत नव्हतं.

पिशवी गेली. डेक्लननी तुकडे उजेडात धरून बघितले आणि ग्रँड होईल म्हणाले, असा पेडणेकरांचा मेसेज आला. या देशात 'ग्रँड'चा अर्थ उत्तम असाही होतो आणि बघू काय होतंय असाही, त्यामुळे मी धास्तावलेच होते. पण दोन दिवसांत कवळी आली, सांधा दिसणारही नाही अशी. आईने आधी मावशीला व्हिडिओ लावला, मग पडदा उघडला, मग दाण्याची चिक्की मागितली. चिक्की मी दिली नाही.

ग्रुपवर पेडणेकरांनी डेक्लनचा पत्ता टाकला. "कवळी दुरुस्ती. काम स्वच्छ. शिफारस आहे." तेवढंच. 'स्वतः करून पाहिले आहे' हे शेवटचं वाक्य नव्हतं. ते कसं राहिलं, असं कुणीतरी चेष्टेने विचारलं. त्यांच्या दातांचं मी कुणाला सांगितलं नाही. आईलाही बजावलं होतं, पण त्याची गरज नव्हती. ती कुणाकडेच बोलली नाही.

उन्हाळा सरता सरता आईला परतीचं विमान मिळालं. त्याआधीचे बरेच रविवार पेडणेकर आमच्या अंगणात घरून आणलेल्या घडीच्या खुर्चीवर बसत, आई उंबऱ्यात, आणि मधे स्टुलावर थालीपीठ. डबा देऊ का, असं मी पहिल्या रविवारी विचारलं. नको, म्हणाले, इथेच खातो. आणि मास्क काढून, तुकडे करकरून, आईसमोर जेवले.

आई गेली, हिवाळा आला, पुन्हा सगळं बंद झालं. पेडणेकर ग्रुपवर दुसऱ्या लॉकडाऊनमधल्या पोस्टाच्या वेळा कळवत राहिले. माझी त्यांची गाठ पडत नव्हती.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी कराडला फोन लावला तर बराच वेळ लाइन लागेना. लागली तेव्हा आई म्हणाली, आत्ताच पेडणेकरांचा फोन ठेवला.

मी चकित झाले. विचारलं, त्यांचा फोन येतो?

दर रविवारी येतो, ती म्हणाली. काय काय विचारत असतो. कांद्याला कोंब आले तर तो खावा का. जाकीट घरी धुवावं का बाहेर टाकावं. आज विचारत होता, फिरायला निघालोय, आभाळ आलंय, छत्री नेऊ का.

मला हसू आवरेना. कॉर्कमध्ये वारा समुद्रावरून येतो आणि छत्री दोन मिनिटांत उलटी करतो. इथे छत्री फक्त नवीन आलेला माणूस वापरतो. मी म्हटलं, आई, तो माणूस इथे बारा-तेरा वर्षं राहतोय. त्यांना सगळं माहीत असतं. अख्खं गाव त्यांना विचारतं.

"ठावं हाय मला," आई म्हणाली. "त्याची आई हुती तवर तिला विचारायचा म्हणं. तिनं काय हे गाव बघितलंय? पन सांगायची. ती गेल्यापास्नं, हे कर, ते करू नको, असं कुनी बोललंच न्हाई त्याला."

"मग तू काय सांगितलंस?"

"ने म्हटलं छत्री. भिजून पडला तर बघाया कोन हाय तिथं?"

दुपारी मीही पाय मोकळे करायला नदीवर गेले. वारा असा होता की समुद्रपक्षीसुद्धा एका जागी टांगल्यासारखे दिसत होते. माणसं डोक्यावर हूड ओढून, वाकून चालली होती. पलीकडच्या काठावरून राखाडी जाकिटातले पेडणेकर येत होते. दोन्ही हातांनी त्यांनी एक मोठी काळी छत्री धरली होती. माझ्या डोळ्यांदेखत ती फटकन उलटी झाली. ते थांबले, वाऱ्याकडे पाठ केली, एकेक काडी हाताने सरळ केली, आणि छत्री पुन्हा उघडून डोक्यावर धरून चालू लागले.